वायरिंगमधली मोजून घ्यायची कामे

दसरा-दिवाळीच्या आधी नाशिकमध्ये घरोघरी रंगकाम निघते आणि रंगाऱ्याच्या मागोमाग इलेक्ट्रिशियनही घरात येतो. त्या वेळी होणारा बहुतेक खर्च डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर होतो. जुन्या पांढऱ्या बटणांच्या जागी नव्या चकचकीत प्लेटी बसतात, फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यांच्या रांगा लागतात, देवघराला वेगळा उजेड मिळतो. हौसेने घर सजवण्याला माझा विरोध नाही. मात्र त्याच घरात मीटरपासून डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या मुख्य वाटप पेटीपर्यंत, येणारी वायर किती जाडीची आहे, अर्थिंगचा खड्डा शेवटचा केव्हा उघडला होता आणि गिझरच्या सॉकेटमधल्या तिसऱ्या मोठ्या भोकाला खरोखर वायर जोडलेली आहे का, हे विचारले तर बहुधा कोणालाच सांगता येत नाही.

मी बरीच वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम केले. तिथे अर्थिंगच्या प्रत्येक खड्ड्याशेजारी त्याचा क्रमांक, मोजणीची तारीख आणि ओहममधला आकडा रंगवलेला असे आणि तोच आकडा नोंदवहीतही चढवला जाई. शंभर यंत्रे चालवणाऱ्या त्या कारखान्यातला कामगार संध्याकाळी ज्या घरी परततो, त्या घराची अशी एकही नोंद कुठे नसते. आणि विजेच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे, कारण संरक्षणाचे बहुतेक भाग निकामी झाले तरी घर नेहमीसारखे चालू राहते. अर्थिंगची वायर तुटली म्हणून पंखा थांबत नाही. गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी आतून अडकला म्हणून टीव्ही बंद पडत नाही. वायरचे आवरण कडक होऊन तडकले तरी दिवा तेवढाच लख्ख लागतो. दोष कळतो तो थेट शॉक बसल्यावर किंवा बोर्डातून धूर आल्यावर. म्हणून या कामांसाठी ज्याला बोलवायचे, त्याच्याकडे पक्कड आणि टेस्टर तर हवेतच, पण मोजमापाची उपकरणे आणि ती वाचण्याचे ज्ञानही हवे. तेवढ्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागले तर ते आनंदाने मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

घरमालकाने स्वतः काय करावे आणि काय करू नये, याची रेघ नियमांनीही आखून दिली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामे, म्हणजे ज्यांमुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही अशी कामे, वगळलेली आहेत. बाकीची सर्व कामे, मग ती वाढीव असोत, फेरबदलाची असोत किंवा दुरुस्तीची, परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातूनच व्हावीत, अशी तरतूद आहे. आपल्याकडे ही तरतूद नवीन जोडणीच्या वेळी टेस्ट रिपोर्ट देण्यापुरती आठवली जाते आणि पुढची तीस वर्षे विसरली जाते. मीटर आणि त्याच्या आधीचा भाग तर महावितरणचाच आहे. त्याच्या सीलला खासगी इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही आणि आपणही त्याला तसे करायला सांगायचे नाही.

सर्वांत आधी कोणते काम करावे असे कोणी विचारले, तर मी आरसीसीबीचे नाव घेतो. पुष्कळ घरांत एमसीबी बसवलेले असतात आणि ‘आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत, काही झाले तर लगेच पडतात’ असे समाधानाने सांगितले जाते. हे समाधान अर्धवट आहे. एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच पडतो आणि तो मुख्यतः वायरला जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरपेक्षा थोडासा अधिक प्रवाह काही क्षण वाहिला तरी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने एवढा प्रवाह म्हणजे काहीच नाही, कारण तो त्याच्या क्षमतेच्या पाचशेव्या भागाइतकाही भरत नाही. आरसीसीबीचे काम निराळे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे तो सतत ताडून पाहतो आणि फरक पडला की पुरवठा तोडतो. घरासाठीचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांत आणि त्याच्या पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांत पडला पाहिजे, असे मानक सांगते.

इथे एक हिशेब मांडून दाखवतो, कारण तो समजला की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. समजा, गिझरच्या आत फेजची वायर त्याच्या लोखंडी कवचाला चिकटली. घराचे अर्थिंग चांगले, म्हणजे ५ ओहमचे आहे असे धरू. २३० व्होल्टला ५ ने भागले की ४६ अँपिअर येतात. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तात्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. त्यामुळे ४६ अँपिअरला तो केवळ तापून पडतो आणि त्याला काही सेकंदांपासून सुमारे मिनिटभरापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. तेवढा वेळ गिझरचे कवच आणि बहुधा नळही जिवंत राहतो. अर्थिंग ५ ओहमऐवजी ५० ओहमचे असेल, तर प्रवाह जेमतेम साडेचार अँपिअर होईल आणि एमसीबी कधीच पडणार नाही. हेच दोन्ही प्रसंग आरसीसीबी असलेल्या घरात घडले, तर डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तुटतो.

म्हणून आरसीसीबी हवाच. पण तो आणून डीबीत बसवला की काम झाले असे मात्र नाही, आणि जुन्या घरात तर खरे काम तिथून सुरू होते. माझ्या मामेबहिणीच्या इंदिरानगरमधील फ्लॅटचे उदाहरण देतो. तिच्याकडे आरसीसीबी होता आणि पूर्वी तो सारखा पडायचा म्हणून कोणा इलेक्ट्रिशियनला बोलावून तिने तो ‘नीट’ करून घेतला होता. नंतर डीबी तपासायला आलेल्या तारतंत्र्याने पहिल्यांदा त्यावरचे टेस्टचे बटण दाबले. काहीच झाले नाही. त्याने मेन बंद करून झाकण उघडले, तर वरच्या टर्मिनलमधून निघालेली फेजची आणि न्यूट्रलची वायर आरसीसीबीला वळसा घालून थेट पुढे जोडलेली होती. “ताई, हा बिघडलेला नाही. हा नुसता जागेवर ठेवलेला आहे,” असे तो म्हणाला. त्याचा तरफेसारखा दांडा वर होता, सगळे दिवे लागत होते आणि कुटुंब त्याच्या भरवशावर होते.

तो का पडत होता याचा शोध मग एकेक सर्किट वेगळे करून घेतला गेला. पहिले कारण इन्व्हर्टरचे निघाले. इन्व्हर्टर बसवताना त्याच्यावर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांची फेज वेगळी काढली होती, पण न्यूट्रल मात्र घरभर एकच ठेवला होता. अशा जोडणीत एका मार्गाने गेलेला प्रवाह दुसऱ्याच मार्गाने परततो. आरसीसीबीला तो परत आलेला दिसत नाही आणि तो पडतो. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल ओळखून, त्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावून, इन्व्हर्टरचे न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घेणे हे किचकट आणि वेळखाऊ काम आहे. ते टाळण्यासाठीच आरसीसीबीला वळसा घातला जातो. दुसरे कारण त्याहून गंभीर होते. न्यूट्रल वेगळे केल्यावरही गिझर चालू केला की आरसीसीबी पडे. मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, पाहिले तेव्हा गिझरच्या कॉइलचे इन्सुलेशन जवळजवळ संपलेले आढळले. हिवाळ्यात नळाला ओला हात लागला की मुंग्या येतात, असे त्या घरातली मुले म्हणत असत आणि थंडीमुळे तसे होत असेल असे मोठ्यांना वाटत असे. म्हणजे आरसीसीबी इतके दिवस खरेच सांगत होता. तो वारंवार पडत असेल तर घरात कुठेतरी कारण आहे असेच समजावे आणि ते कारण सापडेपर्यंत इलेक्ट्रिशियनला बिल देऊ नये, असा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

नवीन आरसीसीबी घेताना एक तपशील जरूर पाहावा. जुना ‘एसी’ प्रकार केवळ साध्या आलटत्या प्रवाहाची गळती ओळखतो. इन्व्हर्टर एसी, नव्या वॉशिंग मशिन, संगणक यांच्यातील इलेक्ट्रॉनिक भागांमुळे गळतीचे स्वरूप बदलते, म्हणून ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घेणे आजच्या घराला अधिक योग्य ठरते. शिवाय सबंध घराला एकच आरसीसीबी असण्यापेक्षा दोन-तीन विभाग करावेत. बाथरूममधल्या एका दोषामुळे फ्रिज आणि जिन्यातला दिवाही बंद पडला, की माणसे वैतागून पुन्हा त्याला वळसा घालायच्या विचाराला लागतात.

आता अर्थिंगविषयी. नाशिकच्या जमिनीचा इथे थेट संबंध येतो. आपले शहर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले आहे. काही भागांत काळी माती खोल आहे आणि तिच्यात ओल टिकते, तर काही भागांत दोन-चार फूट खणले की कुदळ खडकावर आदळते. अर्थिंगच्या मानकाप्रमाणे नळीचा इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांबीचा असावा. खडकाळ प्लॉटवर तेवढे खोल जाण्याचा कंटाळा येतो. मग नळी कापली जाते, उरलेला तुकडा वरच्या भरावात उभा केला जातो आणि वर सिमेंटचे झाकण बसवून काम उरकले जाते. पावसाळ्यात सगळे ठीक वाटते, पण मे महिन्यात तो भराव भाजून कोरडा होतो आणि त्या अर्थिंगचा रोध कित्येक पटींनी वाढतो. खडक वर असेल तिथे बोअर घेऊन इलेक्ट्रोड खाली उतरवणे, लांब पट्टी आडवी पुरणे किंवा एकापेक्षा जास्त इलेक्ट्रोड अंतर ठेवून एकमेकांना जोडणे, असे पर्याय असतात. त्यांपैकी कोणता घ्यायचा हे जमीन पाहून आणि मोजूनच ठरवावे लागते.

गंगापूर रोडवरच्या एका ओळखीच्या बंगल्यात असा खड्डा उघडताना मी समोर उभा होतो. झाकण मातीखाली गेले होते आणि त्यावर जास्वंदीचे झाड वाढले होते. आत लोखंडी पट्टी होती, पण नळीला जिथे नट-बोल्टने ती आवळलेली होती तिथे गंजाचा फुगवटा आला होता. स्क्रूड्रायव्हर लावताच बोल्टाचा भुगा झाला आणि पट्टी हातात आली. घरातली प्रत्येक हिरवी वायर व्यवस्थित जोडलेली होती, प्रत्येक सॉकेट उत्तम कंपनीचे होते आणि ती सगळी मांडणी जमिनीपासून तुटलेल्या एका पट्टीपाशी येऊन संपत होती. घरमालकांनी मला विचारले, “पण मागच्या वर्षी बल्ब लावून बघितला होता, तो तर लागला होता की!”

बल्बच्या या चाचणीवर आपल्याकडे फार विश्वास आहे, म्हणून ती का फसवी आहे हे सांगतो. १०० वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध ५०० ओहमच्या वर असतो. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये तो लावला आणि अर्थिंग ५० ओहमचे, म्हणजे अगदी वाईट असले, तरी बल्बला २३० पैकी सुमारे २१० व्होल्ट मिळतात आणि तो जवळजवळ पूर्ण प्रकाश देतो. गंजलेल्या पट्टीचा एखादा कोपरा नुसता टेकलेला असला, तरीही बल्ब लागू शकतो. अर्थिंग मोजण्याची रीत वेगळी आहे. अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या इलेक्ट्रोडपासून ठराविक अंतरांवर जमिनीत ठोकतात, इलेक्ट्रोड आणि लांबची खुंटी यांच्यामधून प्रवाह सोडतात आणि ओहममध्ये आकडा वाचतात. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये सगळीकडे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असल्यामुळे खुंट्या ठोकायला जागा नसते. तिथे सॉकेटमधूनच लूप टेस्टरने माप घेता येते. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे यांपैकी एकही उपकरण नसेल आणि तरीही ‘अर्थिंग एकदम ओके आहे’ असे तो म्हणत असेल, तर तो केवळ अंदाज आहे असे समजावे.

सोसायट्यांमध्ये आणखी एक अडचण असते. खड्डा सगळ्यांचा मिळून एक आणि त्यामुळे तो कोणाचाच नसतो. पार्किंगमधून वर जाणारी अर्थिंगची पट्टी रंगाऱ्याने रंगवलेली असते, केबलवाल्याने वाकवलेली असते, एखाद्या मजल्यावर फरशी बदलताना कापलेलीही असते. हा विषय एकट्या फ्लॅटधारकाच्या हातात नाही. सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या देखभालीबरोबरच मीटर रूम आणि अर्थिंगच्या वार्षिक तपासणीचाही ठराव करून घ्यावा.

पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा या भागांतील जुन्या वाड्यांमध्ये काम करायचे तर तिसरा विषय, म्हणजे संपूर्ण वायरिंग बदलणे, पुढे येतो. लाकडी पट्टीवरच्या, कापडी किंवा रबरी आवरणाच्या वायरी अजूनही काही ठिकाणी जिवंत आहेत. सिडकोच्या आणि त्या काळातल्या इतर जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी आढळतात. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू सैल होते, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो आणि सांधा तापू लागतो. त्यातच नंतर कोणीतरी तांब्याची वायर पीळ देऊन जोडलेली असेल, तर तो सांधा अधिकच लवकर खराब होतो. ही घरे बांधली गेली तेव्हा एका खोलीत एक दिवा, एक पंखा आणि रेडिओ एवढाच भार होता. आता नाशिकची थंडी पडू लागली की २००० वॉटचा गिझर, स्वयंपाकघरात तेवढ्याच वॉटची इंडक्शन शेगडी, आणि एखाद्या खोलीत बादलीत सोडलेला पाणी तापवायचा रॉड, हे सगळे सकाळी सहा ते आठच्या दरम्यान एकदम चालू असते. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वायर तीच आणि भार चौपट-पाचपट, असे झाल्यावर एमसीबी पडू लागतो. मग १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवून ‘प्रश्न सोडवला’ जातो. घरातील विजेच्या कामांत यापेक्षा घातक उपाय मला माहीत नाही, कारण त्या दिवसापासून त्या वायरला जादा भारापासून संरक्षण उरत नाही आणि ती जिथून जाते तिथे सागवानी तुळया आणि लाकडी पाटणी असते.

अशा वेळी एक-दोन बोर्ड बदलून भागवू नये. वायरिंग नव्याने करताना दिव्यांना दीड, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि प्रत्येक सर्किटला त्या वायरला झेपेल असाच एमसीबी, हा हिशेब ठेकेदाराने भार मोजून कागदावर मांडून द्यावा. आग लागली तरी कमी धूर करणाऱ्या आवरणाच्या वायरी थोड्या महाग मिळतात. वाड्याच्या अरुंद जिन्याचा विचार केला तर तो जास्तीचा खर्च मला अत्यावश्यक वाटतो. भिंतीत झिरी मारून पाइप टाकल्यावर, प्लास्टर होण्यापूर्वी, प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवावा. पुढे कोणी खिळा ठोकण्यापूर्वी तो फोटो पाहील.

गोदाकाठच्या लोकांसाठी इथे थोडे वेगळे सांगायला हवे. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीला आलेल्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या परिसरात पाणी शिरले होते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आले यावरून पुराची पातळी सांगणाऱ्या या शहरात अनेक दुकानांचे आणि घरांचे मीटर बोर्ड मात्र अजूनही कमरेएवढ्या उंचीवर आहेत. पाण्यात बुडालेला एमसीबी, आरसीसीबी, स्विच किंवा सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नये, कारण आत बसलेला गाळ आणि गंज वाळल्यावरही राहतो आणि संरक्षक यंत्रणा ऐन वेळी अडकते. पाइपमधल्या वायरी वाळल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने एकेक सर्किट तपासून, इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम आल्याशिवाय पुरवठा जोडू नये. मीटरची जागा वर घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो. डीबी वर घेणे मात्र आपल्या हातात आहे आणि ते पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता करावे. २०२७ च्या सिंहस्थासाठी जे लोक याच भागातील खोल्या यात्रेकरूंना द्यायच्या तयारीत आहेत, त्यांनी ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी. पाहुण्यांना घरातले कोणते बटण ‘जरा जपून’ दाबायचे हे माहीत नसते.

न्यूट्रल तुटण्याचा धोका बहुतेकांना ऐकूनही माहीत नसतो. इमारतीला तीन फेजचा पुरवठा असतो आणि प्रत्येक फ्लॅटला त्यातली एक फेज मिळते. मीटर रूममधला किंवा खांबावरचा सामाईक न्यूट्रलचा सांधा गंजून सुटला, की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात त्या क्षणी कमी भार चालू असेल, तिथे २३० ऐवजी ३००, ३५० किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट जातात. दिवे अचानक प्रखर होतात, टीव्ही आणि फ्रिजचे कार्ड जळते, कधी आगही लागते. एमसीबी आणि आरसीसीबी यांपैकी कोणीही याला अडवत नाही. डीबीत मेनच्या पुढे जास्त-कमी व्होल्टेज ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण बसवणे, हा त्यावरचा उपाय आहे. वळवाच्या पावसातील विजांमुळे येणाऱ्या क्षणिक उसळीसाठी मात्र वेगळे सर्ज संरक्षक लागते. त्याची जोडणीची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवू नये आणि अर्थिंग चांगले नसेल तर त्यावर पैसे घालू नयेत.

छतावरचे सौर पॅनेल आणि गाडीचे चार्जर ही नवी कामे आहेत. त्यांत स्वतःचे डोके चालवायला अजिबात वाव नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि नाशिकच्या गच्च्यांवर पॅनेल दिसू लागले आहेत. ऊन आहे तोवर पॅनेलच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या, वायरी बंद करता येत नाहीत, आणि डीसीची ठिणगी आलटत्या प्रवाहाच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही. त्यामुळे कनेक्टर नीट बसला नाही तर तिथे आग धरते. गाडीचे म्हणाल, तर स्कूटरसाठी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शन बोर्डाची वायर पावसात लोंबकळताना मी नेहमी पाहतो. कार तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर जवळजवळ पूर्ण क्षमतेचा प्रवाह घेते. तिच्यासाठी डीबीपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि कंपनीने सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी, एवढे लागतेच.

माणूस कसा निवडावा, हे शेवटी प्रत्येक जण विचारतो. परवाना क्रमांक विचारावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. येताना मेगर, अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर, आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडतो हे मोजणारे उपकरण आणणार का, असे फोनवरच विचारावे. या एका प्रश्नाने निम्मी निवड होऊन जाते. सातपूरच्या आयटीआयमधून शिकून परवाना मिळवलेली आणि मनापासून काम करणारी मुले शहरात आहेत. मात्र त्यांच्याकडे ‘पॉइंटचा काय भाव’ एवढीच चौकशी होते आणि त्या भावात मोजमाप बसत नाही. आपण मोजमापाचे वेगळे पैसे देऊ केले, तर ती ते करून देतात. काम झाल्यावर प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशनचा आकडा, अर्थिंगचे ओहम, आरसीसीबी पडण्याचा वेळ, वायरची जाडी आणि एमसीबीची क्षमता एका कागदावर तारखेसह लिहून घ्यावी आणि तो कागद डीबीच्या झाकणाला आतून चिकटवावा. आरसीसीबीचे टेस्टचे बटण मात्र महिन्यातून एकदा आपणच दाबायचे आहे. ते दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे त्याची यंत्रणा हलते एवढेच कळते. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही ते बटण व्यवस्थित काम करते, हे विसरू नये.

वेळेचेही थोडे पाहावे. एप्रिलमध्ये एसी बसवणाऱ्यांची झुंबड उडते, म्हणून महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज आणि मेन केबल बदलण्याचे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे. गिझरची तपासणी थंडी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरमध्ये करावी. अर्थिंगचे माप मात्र मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना घ्यावे. त्या वेळी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून मग मोजायला कोणी सुचवले, तर आधी कोरड्या जमिनीचा आकडा लिहून घ्यावा आणि पाणी नंतर ओतावे.